क्षमा नावावर मांडावी लागते

यंदाच्या वैशाखात माझ्या मुलीची मुलगी सुट्टीसाठी आमच्याकडे आली होती. ती वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. दुपारी जेवणे आटोपून मुले दुकानावर गेली, की ती दिवाणखान्यातील टीव्हीवर एक अमेरिकन मालिका लावून बसे. एके दिवशी तिने मला हाक मारली, "नाना, या ना, बसा. रुग्णालय खरोखर असेच असते."

मला रुग्णालयाच्या मालिकांचे वेड जुने आहे, हे तिला ठाऊक होते. 'ई.आर.' नावाची अमेरिकन मालिका १९९४ ते २००९ अशी पंधरा वर्षे चालली. तिचे काही भाग मी मिळतील तसे पाहिले होते, आणि त्यातील डॉ. कार्टर हा बावरलेला विद्यार्थी माझ्या लक्षात राहिला होता. त्याचे काम करणारा नट नोआ वायली आता प्रौढ झाला आहे. या नव्या मालिकेत तोच तातडीच्या विभागाचा मुख्य डॉक्टर आहे. जुन्या ओळखीच्या मुनिमाचा मुलगा मोठा होऊन पेढीवर बसलेला दिसावा, तसा मला आनंद झाला. आमच्या सौभाग्यवतींना मात्र हा छंद कधीच रुचला नाही. "रक्त पाहून कोणती निर्जरा होते?" असा त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. त्याला माझ्याकडे आजवर उत्तर नव्हते.

मालिकेचे नाव 'द पिट'. ती २०२५ च्या जानेवारीत सुरू झाली. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातील एका काल्पनिक रुग्णालयाचा तातडीचा विभाग हेच तिचे सर्व विश्व. पहिल्या पर्वाचे पंधरा भाग आहेत आणि त्या पंधरा भागांत मिळून एकच पाळी दाखविली आहे. प्रत्येक भाग म्हणजे त्या पाळीचा एक तास; भागांना नावेही तासांचीच दिली आहेत. सकाळी सातला डॉ. रॉबिनाविच, ज्यांना सारे रॉबी म्हणतात, कामावर येतात आणि पहिला भाग सुरू होतो. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. बाहेर तासन्‌तास ताटकळणारे लोक, आत धावणारे नवशिके डॉक्टर, सर्वांना सांभाळणारी अनुभवी परिचारिका, आणि रिकाम्या खाटेसाठी चाललेली झटापट. बाजाराच्या दिवशी मोंढ्यात जी घालमेल असते, तीच येथे माणसांच्या प्राणांवर चाललेली असते. म्हणून मला ती मालिका खरी वाटली. तीन दिवस मी नातीच्या शेजारी मोठ्या हौसेने बसलो. "हा रोग कोणता असेल?" अशी पैजही लावीत असू. ती बहुधा जिंकत असे.

चौथ्या भागानंतर मात्र मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलो नाही. त्या भागाविषयी, आणि त्याने माझ्या घरातील जी एक जुनी गोष्ट उघडी केली तिच्याविषयी, मला आज लिहावयाचे आहे.

पहिल्या भागांपासूनच मालिकेत स्पेन्सर नावाचे एक वृद्ध गृहस्थ येतात. स्मृती हरपलेली, वृद्धाश्रमातून आणलेले, फुप्फुसात जंतुसंसर्ग झालेला आणि श्वास कोंडत चाललेला. त्यांनी शुद्धीत असताना लिहून ठेवले आहे की शेवटच्या काळात मला नळी घालू नये, यंत्रावर ठेवू नये. कागद डॉक्टरांच्या हाती आहे. परंतु त्यांची मुलगी आणि मुलगा, दोघेही वयाने पोक्त, धावत येतात आणि म्हणतात, "वाचवा." रॉबी त्यांना समजावतो. आधी साधा मुखवटा लावून श्वासाला आधार देतो. या वयात, या प्रकृतीत नळी घालणे म्हणजे वडिलांना यातना देणे आहे, आणि ते त्यांच्या इच्छेविरुद्ध आहे, हेही सांगतो. मुले ऐकत नाहीत. शेवटी नळी घातली जाते.

पुढे तास उलटतात. डॉक्टर त्यांना दोष देत नाही आणि कायद्याचे कलमही वाचून दाखवीत नाही. वेळ मिळेल तसा पुन्हा त्यांच्यापाशी येतो. हळूहळू त्या भावंडांना उमगते की आपण जे मागत आहोत ते वडिलांसाठी नसून आपल्यासाठी आहे. चौथ्या भागात, घड्याळात सकाळचे दहा वाजून गेलेले असताना, नळी काढून त्यांना शांतपणे जाऊ द्यावे असे ठरते. परंतु जवळ बसून बोलावे काय, हे त्या मुलांना सुचत नाही. तेव्हा रॉबी त्यांना आपल्या गुरूने शिकवलेली एक गोष्ट सांगतो. हवाई बेटांवरच्या लोकांची 'होओपोनोपोनो' नावाची एक रीत आहे. तिच्या आधारे जाणाऱ्या माणसाशी चार गोष्टी बोलाव्या: तुमच्यावर माझे प्रेम आहे, तुमचे माझ्यावर उपकार आहेत, तुम्हाला मी क्षमा केली आहे, आणि तुम्ही मला क्षमा करा. तो गुरूही कोरोनाच्या साथीत त्याच रुग्णालयात गेलेला असतो, आणि मालिकेतील तो दिवस त्याच्याच पुण्यतिथीचा असतो.

मुले वडिलांशेजारी बसतात. जुन्या आठवणी काढतात. पिट्सबर्गमध्येच तयार होणाऱ्या, अमेरिकेत घरोघरी पाहिल्या गेलेल्या मिस्टर रॉजर्स यांच्या बालकार्यक्रमासाठी हे गृहस्थ काम करीत असत, ही गोष्ट तेथे निघते. तोवर केवळ एक 'केस' असलेला तो म्हातारा एकाएकी माणूस होतो. मग त्या चार गोष्टी ती मुले आपापल्या परीने, अडखळत बोलतात. मुलीला ते अधिक जड जाते. आणि वडील जातात.

नात डोळे पुसत म्हणाली, "नाना, हे तर आपले खामणेच झाले ना?"

मी उत्तर दिले नाही.

आता माझ्या घरातील गोष्ट सांगतो.

आमच्या वडिलांना आम्ही सारे दादा म्हणत असू. तालुक्याच्या गावी भुसाराची अडत त्यांनी साठ वर्षे चालविली. दादांचा दिनक्रम स्थानकातील घड्याळाने ठरलेला असे. सकाळी सामायिक, सूर्यास्तापूर्वी भोजन, रात्री प्रतिक्रमण. आणि निजताना ते नेमाने सागारी संथारा घेत. ज्या वाचकांना हा नेम ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: रात्रीत जर देह सुटला तर आहार, उपाधी, पापस्थाने या सर्वांचा मला त्याग आहे, आणि सकाळी जाग आली तर नेहमीचा व्यवहार मोकळा आहे, असा तो आगार, म्हणजे सवलत ठेवून केलेला त्याग असतो. लहानपणी मला त्याची भीती वाटे. दादा रोज रात्री मरणाची तयारी करतात आणि सकाळी उठून ज्वारीचा भाव विचारतात, हे कोडे मला उलगडत नसे.

२०२१ च्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर दादांनी मला थांबवून घेतले. जुन्या रोजमेळाचे शेवटचे पान उघडून दाखविले. त्यांच्या वळणदार अक्षरात चार ओळी होत्या, खाली सही आणि तिथी होती. मतलब असा की, माझी वेळ आली म्हणजे मला नळ्या व यंत्रे लावू नयेत, महासतीजींना बोलावून मांगलिक ऐकवावे, शुद्ध असेल तर पच्चक्खाण द्यावे, आणि घरच्यांनी रडारड न करता नवकार म्हणावा. "वहीत लिहिले आहे," दादा म्हणाले, "म्हणजे नंतर कोणाला विचारायला नको." ती वही त्यांनी माझ्या हाती दिली. मी ती कपाटात ठेवली. मी थोरला होतो, म्हणून वही माझ्याकडे आली.

२०२२ च्या डिसेंबरात दादांना न्यूमोनिया झाला. वय सत्त्याऐंशी, हृदय दुबळे, मूत्रपिंडे थकलेली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात नेले. तिसऱ्या रात्री श्वास फार वाढला. डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावून सरळ सांगितले की यंत्र लावले तर काही दिवस मिळतील, परंतु या प्रकृतीत ते यंत्रावरून उतरतील याची आशा कमी आहे. काय ते तुम्ही ठरवा. त्यांच्याकडे बोट दाखविण्यासारखे काहीही नव्हते आणि आजही नाही.

माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादांना नको."

हे बोलण्याचा अधिकार आमच्यात त्याला सर्वांत अधिक होता. २०२१ च्या एप्रिलात कोरोनाने त्याला गाठले तेव्हा तो स्वतः अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता, आणि वाचून घरी आला होता. त्याच यंत्राने मला माझा भाऊ परत दिला होता, म्हणूनच माझा त्या यंत्रावर विश्वास बसला होता. तो मात्र म्हणत होता, "मी त्यात होतो. मी पन्नाशीचा होतो, मला परत यायचे होते, म्हणून सोसले. दादांना कशासाठी? त्यांनी काही लिहून ठेवले होते ना? ते तुझ्याकडे आहे ना?"

मी म्हणालो, "वही सापडत नाही."

वही कपाटात होती. दुसऱ्या कप्प्यात, लाल फडक्यात गुंडाळलेली होती. ती कोठे आहे हे मला त्या क्षणी जितके स्पष्ट दिसत होते, तितके समोरचे डॉक्टरही दिसत नव्हते.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. भाऊ पुन्हा काही बोलू लागला तेव्हा मी म्हणालो, "तुझ्या वेळी आम्ही खर्चाचा विचार केला होता का?" तो माझ्याकडे पाहत राहिला. मग खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बहीण रडत होती. मी सही केली.

मी तसे का केले, याचा विचार गेली तीन वर्षे मी टाळला आहे. त्या मालिकेतल्या मुलांना पाहताना तो टाळता येईना. दादांवर माझे प्रेम होते हे खरे. ते नसतील तर दुकानाची पायरी कशी चढावी, हे मला कळत नव्हते, हेही खरे. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. आमची गावात पत आहे. बाजारपेठेत लोक काय म्हणतील? एवढी अडत, एवढी गोदामे, आणि बापाला यंत्रावर ठेवायला पैसा निघाला नाही. हे वाक्य कोणीही उच्चारलेले नव्हते. ते मी मनातल्या मनात ऐकले आणि त्याच्या भीतीने सही केली. आपल्या समाजात असे वाक्य ऐकू येणारा मी एकटाच असेन, असे मला वाटत नाही.

दादा नऊ दिवस यंत्रावर होते. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात मऊ पट्ट्यांनी खाटेला सैल बांधले होते. गुंगीची औषधे मधूनमधून कमी करीत, तेव्हा ते डोळे उघडत. बोलता येत नव्हते. एकदा मी पाहिले, त्यांचा अंगठा उजव्या हाताच्या बोटांवर सरकत होता, एका पेरावरून दुसऱ्या पेरावर. मी बाहेर येऊन सर्वांना आनंदाने सांगितले की हात हलू लागला, सुधारणा आहे. भाऊ आत जाऊन पाहून आला आणि काही न बोलता बसला. तो हात सुधारणेने हलत नव्हता. दादा नवकार मोजत होते. जिभेवर नळी होती, म्हणून ते बोटांच्या पेरांवर आले होते.

नवव्या रात्री ते गेले. महासतीजींचे मांगलिक झाले नाही, पच्चक्खाण झाले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर रोज रात्री त्या एका रात्रीची तयारी केली, ती रात्र त्याला मी मिळू दिली नाही.

आणि हा मी कोण होतो? २०१५ च्या १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदा ठरविला, तेव्हा सारा समाज हळहळला होता. २४ ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवले होते आणि मोर्चात पुढच्या रांगेत चाललो होतो. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, तेव्हा मी पेढे वाटले होते. दादाही तेव्हा माझ्या शेजारी होते. संथारा हा आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे असे मी ज्याला-त्याला सांगत होतो. सात वर्षांनी तीच श्रद्धा माझ्या स्वतःच्या बापाच्या उशाशी येऊन उभी राहिली, तेव्हा मी वही लपविली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. यंत्र न लावणे किंवा काढणे म्हणजे संथारा नव्हे. संथारा हे व्रत आहे. ते शुद्धीत, स्वेच्छेने, गुरूंच्या व कुटुंबीयांच्या संमतीने, आयुष्याचा शेवट समोर दिसत असताना घ्यावयाचे असते. त्या मालिकेतील वृद्धाला ना व्रत ठाऊक होते ना पच्चक्खाण. त्याला केवळ शांत मरण हवे होते. दोहोंची गल्लत करू नये. त्याचबरोबर यंत्र वाईट, असाही अर्थ कोणी घेऊ नये. माझा भाऊ आज दुकानावर बसतो तो त्या यंत्राच्या आणि डॉक्टरांच्या उपकाराने. नातीनेही मला बजावले, "नाना, लिहाल तेव्हा हे नक्की लिहा. बरा होण्याजोग्या रुग्णाला नळी नाकारणे हा धर्म नव्हे, तो अपराध आहे."

परंतु संथाऱ्याच्या अतिचारांचे जे वर्णन आपण प्रतिक्रमणात दर वेळी म्हणतो, ते त्या दुपारी मला नव्याने उमगले. पाच अतिचारांत 'जीविताशंसा' आहे आणि 'मरणाशंसा'ही आहे. जगण्याची लालसा हा दोष, तसाच मरणाची घाई हाही दोष. दादांना यांपैकी एकही नव्हती. जीविताशंसा होती ती माझ्यात, आणि ती मी त्यांच्या घशात नळीच्या रूपाने घातली. दुसऱ्याच्या देहावर आपली आसक्ती चालविणे याला आपल्या शास्त्रात अहिंसा म्हणत नाहीत.

होओपोनोपोनोविषयी मी नंतर थोडे वाचले. त्या शब्दाचा अर्थ 'नीट करणे', बिघडलेले सरळ करणे असा आहे. मूळ रीत केवळ चार वाक्यांची नाही. घरातील सारी माणसे एकत्र बसतात, एक वडीलधारी व्यक्ती मध्यस्थ असते, ज्याचे जे चुकले ते तो त्याच्या समोर मोकळेपणाने कबूल करतो, आणि गाठ सुटेपर्यंत ती बैठक चालते. हे वाचून मला आपली क्षमापना आठवली आणि लाजही वाटली. देवसिय, राइय, पक्खिय, चौमासी आणि संवत्सरी अशी पाच प्रतिक्रमणे आपल्या पूर्वजांनी लावून दिली, ती याचसाठी की दिवसाची गाठ दिवसात, पंधरवड्याची पंधरवड्यात, आणि काही झाले तरी वर्षाची वर्षात सुटावी. माझ्या भावाशी पडलेली गाठ तीन संवत्सऱ्या ओलांडू पाहत होती.

मी क्षमा मागत नव्हतो असे नाही. दर संवत्सरीला मी हात जोडून सर्वांना खमावतो. व्यापाऱ्यांच्या, नातेवाइकांच्या सर्व गटांवर सुंदर चित्रासह 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवितो. भावालाही त्यातच ते जाते, त्याचेही मला येते. परंतु रोजमेळ लिहिणाऱ्याला हे कळावयास हवे होते. रोजमेळात रक्कम मांडली म्हणजे काम झाले नाही. ती खतावणीत ज्याच्या-त्याच्या नावावर चढवावी लागते. नावावर चढविल्याशिवाय कोणाचे खाते मिटत नाही, मग रोजमेळ कितीही स्वच्छ असो. माझी क्षमा दरवर्षी रोजमेळातच पडून होती.

नात सुट्टी संपवून गेली त्याच आठवड्यात मी कपाट उघडले. लाल फडके तसेच होते. वही पिशवीत घालून संध्याकाळी भावाच्या घरी गेलो. घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत. पण दादांच्या वर्षश्राद्धानंतर मी कारणाशिवाय तिकडे गेलो नव्हतो. भाऊ नुकताच दुकानातून येऊन ओसरीवर बसला होता. मी वही त्याच्यापुढे ठेवली. शेवटचे पान उघडले. म्हणालो, "ही त्या रात्रीही कपाटात होती. मला माहीत होते. मी खोटे बोललो. आणि खर्चाविषयी जे बोललो तेही तुला गप्प करण्यासाठी बोललो."

त्याने चष्मा लावून त्या चार ओळी वाचल्या. दादांच्या सहीवर बोट ठेवले. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटले, तो आता रागावेल. आणि तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

मग त्याने वही मिटली. आकाशाकडे पाहिले. म्हणाला, "सूर्यास्त व्हायला आला. आधी जेवून घे."

वहिनींनी ताट वाढले. आम्ही दोघे शेजारी बसून जेवलो. त्याने क्षमा केली असे शब्द उच्चारले नाहीत, मीही पुन्हा मागितली नाही. निघताना मी वही उचलू लागलो तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. आता इथे असू दे." मी ती तिथेच ठेवून आलो. त्याने मला पुरते क्षमा केले आहे की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. पण पुढच्या रविवारी तो आपणहून आमच्याकडे आला आणि बाईच्या जुन्या पाटावर बसून तासभर भावतावाच्या गप्पा मारून गेला. हा लेख छापावयास देण्यापूर्वी त्याला वाचून दाखविला. त्याने एकच दुरुस्ती सुचविली: "मी खिडकीपाशी उभा होतो हे लिहू नकोस असे म्हणणार होतो, पण लिही."

राहिले ते व्यवहाराचे. दादांची चार ओळींची नोंद कायद्याच्या दृष्टीने अपुरी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी असे पूर्वनिर्देश मान्य केले. पण त्या वेळी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही आवश्यक ठरविली होती, आणि सामान्य माणसाला ते अवघड होते. २४ जानेवारी २०२३ रोजी, म्हणजे दादा गेल्यावर महिन्याभराने, न्यायालयाने ती पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले तरी पुरते. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक जवळच्या माणसांची नावे त्यात देता येतात. यंत्रोपचार थांबविण्यापूर्वी रुग्णालयातील डॉक्टरांची दोन मंडळे विचार करतात, त्यामुळे कोणा एकाच्या लहरीवर काही होत नाही. मी हे सांगतो ते स्वतःच्या बचावासाठी नव्हे. कायदा सोपा असता तरी मी वही लपविलीच असती. कागद कायदेशीर करता येतो. तो वेळेवर बाहेर काढणारा हात कायद्याला देता येत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात मी माझा कागद केला, तेव्हा माझ्या वतीने बोलणारा म्हणून पहिले नाव मुलाचे न घालता भावाचे घातले. मुलाला बोलावून कारणही सांगितले. आपण हयात असताना, सारी मंडळी एकत्र बसलेली असताना ही गोष्ट मोकळेपणाने बोलावी. दुकानाची वाटणी आपण चार जणांसमोर करतो, मग ही गोष्ट एका कपाटात, एका माणसाच्या भरवशावर का ठेवावी?

त्या मालिकेच्या शेवटाकडे, दिवसभर इतरांना धीर देणारा तो डॉक्टर स्वतःच कोसळतो. एका कोपऱ्यात जमिनीवर बसून तो आपल्या ज्यू धर्मातील लहानपणापासूनची प्रार्थना पुटपुटू लागतो. तो भाग मी एकट्याने पाहिला. तेव्हा माझा अंगठा माझ्याच बोटांच्या पेरांवर सरकत होता, हे मला उशिरा लक्षात आले. सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. निर्जरा झाली की नाही हे सांगणारा मी कोण? पण चौथ्या भागाने माझ्याकडून कपाट उघडवून घेतले, एवढे त्यांना सांगितले आहे.

या संवत्सरीला मी कोणत्याही गटावर चित्र पाठविणार नाही. एका कागदावर नावे लिहिली आहेत. यादी लांब नाही. सात जण आहेत. त्यांतील दोघांशी बोलणे सोपे नाही, आणि एक जण आता या जगात नाही. उरलेल्यांच्या दारी मी स्वतः जाणार आहे. जे नाहीत त्यांच्यासाठी नवकार म्हणणार आहे, बोटांच्या पेरांवर मोजून.

दादा, मिच्छामि दुक्कडम्.